गुडघा पिकेपर्यंत

मामा हाताशी येईल त्या वस्तूवर अंगठा दाबून पाहायचे. सीताफळ, भिंतीचा ओला गिलावा, कोवळ्या घोड्याचा गुडघा. दाबून झालं की क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "अजून कच्चं हाय. दम धरा." एकदा मुख्याध्यापकांनी नव्या वेळापत्रकाचा कागद त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यावरही अंगठा ठेवून त्यांनी हेच सांगितलं. ते वेळापत्रक पुढे चार वेळा बदललं.

चाकूरच्या बाहेर आमची निवासी शाळा आहे. मी तिथे ग्रंथपाल. संस्थेच्या अध्यक्षांना घोड्यांची हौस, म्हणून शाळेत पाच घोडे होते आणि त्यांना तयार करायला मामा; सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची. फौजेच्या तबेल्यात अर्धा जन्म काढून ते आले होते. शिंगरांना उड्या शिकवायच्या, हे त्यांचं काम. आधी मैदानातल्या बांबूवरून, मग शाळेमागच्या शिवारात ओढा, बांध, पडलेलं बाभळीचं खोड.

तुम्हांला वाटेल, उडी शिकवायची म्हणजे चाबूक आणि आरडाओरडा. मामांचं पहिलं वर्ष नुसतं चालण्यात जायचं. बांबू जमिनीवर आडवा ठेवायचा आणि शिंगराला त्यावरून सावकाश न्यायचं. न्यायचं आणि आणायचं.

"मामा, हे उडणार कधी?" मी एकदा विचारलं.

"सर, तुमी पोरांना आधी बाराखडी शिकवता का निबंध?"

फौजेतून येताना त्यांनी घोड्यांच्या शिक्षणाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ते ग्रंथालयात यायचे आणि मी त्यांना एकेक पान मराठीत सांगायचो. ऐकता ऐकता ते पुस्तकाशी भांडायचे. एका पानावर लिहिलं होतं की मैदान फार कठीण झालं असेल, तर पाणी मारून ते मऊ करून घ्यावं. मामा मोठ्यानं हसले.

"ह्या सायबानं काळं रान बघितलंच न्हाई. वरून पानी मारलं की वर लोणी अन् खाली दगड. जनावर सरळ घसरतंय. लिवा तिथं."

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, 'काळ्या रानात पाणी मारू नये.' त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्याच्यापुढे अंगठा टेकवला. खुरांना लावायच्या तेलाचा डाग उमटला.

"आता पक्कं झालं."

पाखरी शाळेतच जन्मली. आठव्या दिवशी तिची आई गेली, तेव्हा मामांनी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. रंगानं तांबूस, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. मामांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून पळायची तिला खोड होती. तिचं तिसरं वर्ष चालू असताना एके दिवशी ती आपण होऊन काटेरी कुंपणावरून उडाली आणि पलीकडच्या ज्वारीत जाऊन उभी राहिली. मामा तिला घेऊन आले, तेव्हा त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. त्यांनी तिच्या गुडघ्यावर अंगठा दाबला.

"उडी हाय तिच्यात. पर गुडघा न्हाई. चौथं लागू द्या."

तेवढा वेळ तिला मिळाला नाही. स्नेहसंमेलनात पाहुण्यांसमोर पाखरीची उडी दाखवायची, असं अध्यक्षांनी ठरवलं.

"मालक, कच्ची हाय. एक पावसाळा जाऊ द्या," मामा म्हणाले.

"मामा, किती दिवस नुसतं गोंजारत राहणार तुम्ही? उडत नसेल तर नाचाच्या घोडेवाल्याला देऊन टाकतो. वरातीत नाचेल तरी."

घोडी नाचायला कशी शिकवतात, हे मामांनी पाहिलं होतं. पाय बांधून शिकवतात. त्या दुपारी ते ग्रंथालयात आले आणि पुस्तक न उघडता बसून राहिले.

"काय करू, सर?"

मी म्हणालो, "एक लहानशी उडी दाखवा. पाहुणे टाळ्या वाजवतील, अध्यक्ष खूश होतील. पाखरी इथंच राहील."

त्यांनी बराच वेळ टेबलावर अंगठा दाबून धरला. "गुडघ्याएवढी," ते शेवटी म्हणाले. "वर कुनी बसनार न्हाई. लांब दोरीवर मीच पळवीन."

पाहुण्यांच्या स्वागताची जबाबदारी माझ्याकडे होती. सकाळी मंडपासमोर धूळ उडत होती. आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की सडा पडतोच, अंगणात तांब्यानं, मैदानात टँकरनं. मामा तबेल्यात पाखरीला खरारा करत होते. मी टँकरवाल्याला हात करून सांगितलं, "सगळीकडं मार." त्या वेळी मला पुस्तकातलं ते वाक्य आठवलंही होतं, पाणी मारून मैदान मऊ करावं. बरंच झालं, असं मला वाटलं. समासातली ओळ आठवली नाही. ती माझ्याच अक्षरात होती.

दुपारपर्यंत वरची पापडी सुकली आणि जमीन पुन्हा कोरडी दिसू लागली. मामांनी दोरी सैल सोडली. गुडघ्याएवढ्या बांबूवरून पाखरी छातीएवढी उंच उडाली. टाळ्या सुरू झाल्या. उतरताना तिचे पुढचे पाय सरकले आणि कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला.

गुरांच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. इंजेक्शन देईपर्यंत मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ती शांत झाली. मग त्यांनी शेजारच्या मातीवर अंगठा दाबला. तो पेरापर्यंत आत गेला.

"पानी कुनी मारलं?"

मी त्यांच्यासमोर चार पावलांवर उभा होतो. कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "कच्ची व्हती."

त्यानंतर त्यांनी एकाही शिंगराला बांबूवरून नेलं नाही. दुपारी मात्र येत राहिले. एक दिवस म्हणाले, "सर, पयल्यापासनं वाचा." मी वाचू लागलो. काही दिवसांनी ते पान जवळ आलं. मी दोन पानं एकदम उलटली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पुस्तकाकडे पाहिलं. "दोन पानं गेली."

"चिकटली होती."

"हाव," ते म्हणाले. "चिकटत्यात."

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. नोकरी सोडून शिरूर अनंतपाळकडच्या आपल्या गावी गेले. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. तिकडे जायला एक बस पुरे होती. काय बोलायचं ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी गेलो नाही. पाखरीला चौथं लागलं असतं त्या पावसाळ्यात मामा वारले.

त्यांची सून पुस्तक घेऊन शाळेत आली. "मामंजींनी सांगितलं व्हतं, हे सरांनाच द्या. वाचाया येत न्हवतं, पर रोज एकच पान उघडून बसायचे."

पुस्तक आता आपोआप त्याच पानावर उघडतं. समासातला कागद तेलानं पारदर्शक झाला आहे. माझी ओळ जवळजवळ गेली आहे, फक्त शेवटचं 'नये' तेवढं दिसतं. बाकीची अक्षरं अंगठा दाबून दाबून झिजली की मामांनी ती माझ्यासाठी पुसून टाकली, हे आता कुणाला विचारू? ओळ पुन्हा लिहावी म्हणून मी पेन्सिलीला टोक काढून ठेवलं आहे. ती कित्येक दिवस पुस्तकाशेजारी तशीच पडून आहे.