खाली बघणारा माणूस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ओटावातल्या आमच्या कंपनीत एक गृहस्थ आकाशाकडे बघतच नाहीत. कंपनीचं काम मात्र आकाशातलंच. वीजकेंद्रावर चाल करून येणारं छोटं ड्रोन जमिनीवरच्या लाँचरमधून रॉकेट सोडून पाडायचं. सगळे माना वर करून उभे असतात, आणि हे नागपूरकर बुटांकडे बघत विचारतात, "पाडून तर देऊ, पण पडेल कुठं?" गाडी पार्क करतानाही ते आधी छपरावरचा बर्फ कुठे कोसळेल ते बघतात. चाचणी थांबवण्याचं लाल बटण म्हणूनच त्यांच्याकडे.

मोठ्या चाचणीला सरकारी पाहुणे आले होते. ऑर्डर मिळाली नाही तर आमचा विभाग बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बॉम्बऐवजी पिठाची पिशवी घेऊन ड्रोन आलं, उलटी मोजणी सुरू झाली, आणि यांनी लाल बटण दाबलं. रॉकेट लाँचरमध्येच राहिलं. ड्रोन निवांत पुढे आलं आणि खोट्या ट्रान्सफॉर्मरवर पीठ ओतून गेलं. पाहुणे वहीत काहीतरी लिहू लागले.

आमचे पुणेकर मॅनेजर त्या ट्रान्सफॉर्मरइतकेच पांढरे पडले. "अहो, काय केलंत हे? सगळं घालवलंत."

यांनी मैदानाच्या टोकाकडे बोट दाखवलं. लंचची व्हॅन रस्ता चुकून आत, नेमकी ड्रोनचे तुकडे पडले असते तिथे, शिरली होती, आणि वर बघणाऱ्या आम्हा कुणालाच ती दिसली नव्हती. एरवी कुजबुजत बोलणारा हा माणूस पाहुण्यांसमोर ओरडला, "पीठ झटकता येते, साहेब. त्या व्हॅनमध्ये बाई बसून आहे ना!"