पोहण्याच्या तलावाचं कॅल्शियम

आबांच्या बायपासच्या आदल्या दिवशी दुपारी मी जळगावात पोहण्याच्या तलावांचं सामान विकणारं दुकान शोधत फिरत होते. मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धाकटा भाऊ आबांना घेऊन धुळ्याच्या दवाखान्यात होता. घरी मी एकटी, आणि दिवाणखान्यात आबांची काचेची टाकी.

आबा म्हणजे माझे वडील. एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. निवृत्तीनंतर त्यांना समुद्री टाकीचा नाद लागला. पाच फूट लांब टाकी, खाऱ्या पाण्याची, आत जिवंत प्रवाळ. जळगावच्या उन्हाळ्यात प्रवाळ! लोक बघायला यायचे आणि आबांकडे जरा काळजीनं बघत परत जायचे. पाणी थंड ठेवायला यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर. आई गेल्यावर ते सकाळी आधी टाकीशी जायचे, मग चहाशी.

प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं. ते पाण्यातून सारखं कमी होतं, म्हणून रोज घालावं लागतं. आबा परीक्षानळीत थेंब मोजायचे आणि गुलाबी पाणी निळं झालं की आकडा वहीत लिहायचे. आकडा चारशे वीसच्या आसपास हवा. दवाखान्यात जाताना ती वही त्यांनी माझ्या हातात दिली. पण कॅल्शियमची बाटली संपत आली होती, नवी बाटली आणि मीठ घेऊन येणारं पार्सल कुठंतरी अडकलं होतं. त्या दिवशी सकाळी मी थेंब मोजले, तर तीनशे चाळीस. फांद्यांच्या जांभळ्या प्रवाळाची टोकं फिकी पडली होती.

मी फोन केला. आबा म्हणाले, "तलाववाल्याकडे जा. तलावाच्या फरशांचा चुना पाण्यानं खाऊ नये म्हणून ते कॅल्शियम क्लोराइड टाकतात. तेच आपल्या बाटलीत असतं. पण नाव नीट सांग. हायपोक्लोराइट नको, ते क्लोरीन. टाकी मरेल. आणि खतवाल्याकडे जाऊ नको, तो केळीला घालतात ते नायट्रेट देईल."

"कळलं, आबा."

"घरी पाण्यात विरघळव. आपोआप चांगलं गरम झालं पाहिजे, तरच ते खरं. थंड झाल्यावर टाक. थोडं थोडं."

दुकान औद्योगिक वसाहतीत सापडलं. दुकानदार साठीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. आधी तलावांच्या फरशा बसवायचे, असं त्यांनी आपण होऊनच सांगितलं. मी नाव दोनदा सांगितलं. त्यांनी मागच्या पिंपातून पांढरे दाणे काढून पिशवीत भरून दिले. पिशवीवर काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, "चाचा, हेच ना?" ते म्हणाले, "हेच, ताई. बेफिकीर राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी दाणे पाण्यात घातले. भांडं बघता बघता हाताला चटका बसेल इतकं तापलं. मला केवढं बरं वाटलं. थंड होऊ दिलं आणि पंप सुरू होता तिथं हळूहळू ओतायला लागले. अर्धं ओतून झालं, तेव्हा कपाळावर आलेला घाम पुसायला हात वर नेला आणि बोटांना वास आला. नळाच्या पाण्यात जास्त औषध टाकलेल्या दिवशी येतो तसा वास.

मी भांड्याला नाक लावलं. पुसट होता, पण होता.

टाकीत बघितलं. प्रवाळाचे बारीक तंतू एरवी गवतासारखे हलत असतात. ते आत ओढले जात होते. आधी पंपाजवळचे, मग पुढचे. दोन केशरी मासे वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या अगदी तोंडाशी आले. काय करायचं ते ठाऊक असलेला माणूस शंभर किलोमीटरवर ऑपरेशनचा गाऊन घालून पडला होता.

आणि फोन वाजला. भाऊ म्हणाला, "अर्ध्या तासात आत नेताहेत. आबांना तुझ्याशी बोलायचंय."

आबांचा आवाज बारीक झाला होता. घरातल्यांशी ते अहिराणीतच बोलायचे, फक्त प्रयोगशाळेचं काही सांगायचं असलं की पुस्तकी मराठीत शिरायचे. "माय, टाकं का?"

"टाकलं, आबा."

"कितलं उनं?"

आकडा किती आला, ते विचारत होते. मी टाकीकडे पाठ केली. "चारशे वीस."

ते म्हणाले, "बरं शे." आणि फोन पुन्हा भावाकडे गेला.

मी पिशवी उचलली आणि स्कूटीवर त्या दुकानात गेले. तिथं माझा आवाज चढला, तो मला अजून आठवतो. चाचांनी ऐकून घेतलं. पिशवीतले चार दाणे पाण्यात टाकले, त्यात क्लोरीन तपासायचे दोन थेंब सोडले. पाणी पिवळं झालं. त्यांनी पिंपाकडे बघितलं, मग शेजारच्या क्लोरीनच्या पिंपाकडे. दोन्हींत मिळून एकच माप होतं, प्लास्टिकचं, निळं.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "सामान बरोबर आहे, पण माप तिकडचं लागलं. घरी क्लोरीन मारायचं औषध आहे का? माशांच्या दुकानात मिळतं ते?"

होतं. टाकीखालच्या कपाटात, पहिल्याच रांगेत. मला ते सुचलंच नव्हतं.

त्यांनी शटर खाली ओढलं, तपासणीची पेटी आणि एक सीलबंद गोणी गाडीवर ठेवली आणि माझ्या मागं आले. आमच्या दिवाणखान्यात चपला काढून, गुडघ्यांवर बसून त्यांनी टाकीचं पाणी नळीत घेतलं. अगदी फिका पिवळा रंग आला, उजेडात धरला तरच दिसेल इतका. मी औषधाचे थेंब टाकले. उरलासुरला क्लोरीन शोषून घ्यायला कपाटातली कोळशाची पिशवी पंपापुढे बांधली. दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा तपासलं, पाणी स्वच्छ.

पण तंतू बाहेर आले नाहीत.

चाचा निघाले नाहीत. मी त्यांना खुर्ची दिली, ते जमिनीवरच बसले. कुणीतरी दवाखान्यात आहे हे मी सारखी फोनकडे बघत होते त्यावरून त्यांना कळलं असावं. "कोण आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. टाकी आबांचीच आहे, हेही सांगितलं. भावाचा एकदा मेसेज आला, 'चालू आहे', एवढाच. मी चहा केला, तो दोघांनीही अर्धा ठेवला.

पावणेदोनला भावाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, आबांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. मी चाचांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांचे तळवे चेहऱ्यावरून फिरवले, उठले, गोणीचं सील माझ्यासमोर फोडलं, त्यातलेही दाणे तपासून दाखवले आणि गेले.

संध्याकाळी मेंदूसारख्या वळ्यांच्या प्रवाळानं आधी तंतू काढले. जांभळ्याची पंपाकडची बाजू मात्र चार दिवसांत पांढरी पडली. मी रोज सकाळी नव्या गोणीतलं थोडंसं टाकत राहिले. आकडा हळूहळू चढला, चारशेच्या वर जायला आठवडा लागला. वहीत मी खरेच आकडे लिहिले. ऑपरेशनच्या तारखेसमोरची जागा तेवढी रिकामी ठेवली.

आबा बाराव्या दिवशी घरी आले. छातीशी उशी धरून, भावाच्या आधारानं टाकीपाशी खुर्चीत बसले. त्या पांढऱ्या फांद्यांकडे त्यांनी बघितलं. मग वही मागितली. मला वाटलं, आता विचारतील. मीच आधी सगळं सांगून टाकलं, माप, वास, चारशे वीस, सगळं.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"एका दिवसात ऐंशी वाढत नाही. वाढवलं तर पाणी दुधासारखं पांढरं होतं. वीस, फार तर." हे त्यांनी पुस्तकी मराठीत सांगितलं, प्रयोगशाळेत नव्या मुलांना सांगावं तसं.

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू घाबरी गयथी." त्यांनी वही मिटली. "मीबी."

त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते चेहऱ्यावर नव्हतंच. भाऊ गोळ्यांची पिशवी घेऊन आत गेला. आबांनी मला चिमटा आणायला सांगितला. वजन उचलायला, हात ताणायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ते सांगत राहिले आणि मी हात पाण्यात घालून मेलेल्या फांद्या एकेक मोडून बाहेर काढल्या. जिथून मोडल्या तिथं खाली जांभळा रंग शाबूत होता.

"हळू," ते म्हणत होते. "त्याला धक्का नको. आणखी थोडं डावीकडे."