सँडविचचा लांबचा कोपरा

हायवेवर एक हॉटेल आहे. तिथे गाडीत बसूनच एका खिडकीशी ऑर्डर द्यायची आणि पुढच्या खिडकीतून पुडकं घ्यायचं. अशा ठिकाणच्या सँडविचवर माझ्या बायकोचा, सुधाचा, काडीचा विश्वास नव्हता. "कापलेल्या कडेला दाखवण्यापुरतं सगळं कोंबतात आणि कोपरे कोरडे ठेवतात," ती म्हणायची आणि पहिला घास लांबच्या कोपऱ्याचा घ्यायची. तो कोरडा निघाला की माझ्याकडे अशी बघायची, जणू ते सँडविच मीच बनवलं होतं.

ती गेल्यानंतर परवा प्रथमच त्या रस्त्याने एकटा गेलो. खिडकीशीच कागद उलगडून मी वरचा पाव उचलला.

"काका, बॉम्ब नाहीये त्यात," आतली बाई हसली. "गाडी पुढे घ्या ना, मागचे ओरडतायत."

पुढे एका झाडाखाली थांबलो. चिकनचे पातळ काप, चीज, मोहरीचा सॉस. कापलेली कड भरगच्च दिसत होती, म्हणजे संशयाला जागा होतीच. हल्ली काहीही चांगलं समोर आलं की मला शंका येते: हे खरंच चांगलं आहे, की मीच कमी मागायला शिकलो आहे?

लांबचा कोपरा खाल्ला. तोही भरलेला होता.

"हरलीस," मी शेजारच्या सीटकडे बघून म्हणालो. मग दुसऱ्या अर्ध्याचाही कोपरा तपासायला घेतला. एवढ्यावर तिने ऐकलं नसतं.