धान वाळायचं तिथं

सिहोऱ्यात आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, मावशीचं पलीकडे. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. मावशीनं अंथरूण धरल्यापासून आई रोज सकाळी तिची वेणी घालायला जायची. आईचीही सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे. पण दुसऱ्या कुणाचा हात मावशीला चालत नसे.

मग रस्ता गुळगुळीत झाला आणि गाड्यांना पंख फुटले. आई काठी टेकत कडेला उभी राहायची, पाय पुढे टाकून मागे घ्यायची आणि तोंड पाडून घरी यायची. हात धरून नेतो म्हटलं, की मलाच दटावायची, "मी का लहान लेकरू हाओ?"

धान कापणी झाल्यावर मात्र ती बिनदिक्कत जाऊ लागली. मला नवल वाटलं. एकदा मागोमाग गेलो. लोकांनी अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, भोवती दगड मांडले होते. तिथं ट्रकसुद्धा गुपचूप हळू व्हायचे. आई नेमकी तिथूनच ओलांडत होती.

मी भडकलो. "अगं, हे धानच धोक्याचं! एखादा दुचाकीवाला आपटला म्हणजे?"

"असंन धोक्याचं. पण गाडीवाले माणसाले पाहून ब्रेक नाई मारत बाबू, दगडाले पाहून मारतेत."



धान पोत्यांत गेलं आणि आई पुन्हा दारात बसली. वेणी राहिली म्हणून मावशी रडते, असा निरोप आला. मला फार वाईट वाटलं. आईनं मात्र काठी उचलली आणि थेट ग्रामसभेत जाऊन उभी राहिली.

"बाराही महिने धान कुठून आणू? धानाले जपता, तसं मले बी जपा."

आधी सगळे हसले. मग एकेक म्हातारं माणूस उठून आपलं गाऱ्हाणं सांगू लागलं, तसं हसू ओसरलं. सरपंचांनीही विषय लावून धरला. पुढचं पीक यायच्या आत, धान वाळायचं तिथंच दोन्ही बाजूंना गतिरोधक झाले, मध्ये पांढरे पट्टे आले.

पहिल्या दिवशी मी काळजीनं मागे उभा होतो. आईनं पट्ट्यावर काठी टेकवली. भरधाव आलेला ट्रक हळू झाला, थांबला. अर्ध्या रस्त्यात आई वळली. इतकं खूश मी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"पाह्य रे! धान नाई, दगड नाई. मलेच पाहून थांबला."