चूलबंद आवतण

ज्या पोलिसानं भर चौकात कानाखाली वाजवली, त्याच्याच आईच्या गुडघेदुखीची कोर्टाच्या आवारात चौकशी करणारा फिर्यादी अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझ्या नशिबी आलेला: माझे मामेसासरे.

मामा वलगावहून अमरावतीला चपला घ्यायला आले होते. चौकात एक शिपाई हातगाडीवाल्याला बडवत होता. मामांना मध्ये बोलायची जन्मजात खोड. लग्नात भटजींना, बँकेत मॅनेजरला, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरलासुद्धा थांबवून ते "कावून?" विचारतात. इथंही विचारलं, "कावून मारून राहिले जी त्याले?" उत्तर डाव्या कानावर आलं. पडदा फाटला. सत्तरीच्या माणसावर हात! मामा मात्र एका पायात नवी चप्पल, एका पायात जुनी अशा अवतारात घरी आले आणि म्हणाले, "आता तक्रार करा लागते."

तक्रार केली, भरपाईचा दावाही लावला. आणि दर तारखेला हा गृहस्थ त्या शिपायासाठी घरची बोरं घेऊन जायचा! वकील कपाळाला हात लावायचे. "मामा, तो आपला विरोधी पक्ष आहे." "पक्ष असन. पन सकाळपासून उपाशी उभा आहे ना थो."

शेवटी तडजोडीचा निरोप आला. आम्ही खूश. मामा अडून बसले. "चारचौघात मारलं, चारचौघात 'चुकलं' म्हनावं." सरकार पैसे द्यायला तयार, शिपाई तो एक शब्द द्यायला तयार नाही. तेव्हा मामांनी काय करावं? थेट त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला शेतात गोवऱ्यांच्या आरावर भाजायच्या रोडग्यांचं चूलबंद आवतण दिलं. आमच्याकडे असं आवतण आलं की त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचंच. ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण म्हातारी सकाळपासून गॅस न पेटवता लुगडं नेसून तयार. शिपायाला यावंच लागलं.

पंगतीत तो मामांच्या डावीकडे बसला. मान खाली घालून पुटपुटला, "चुकलं माझं." मी उजवीकडून मामांना कोपरानं ढोसलं. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, त्या कानानं ऐकू येत नाही. थो तुमच्याजवळच जमा आहे. इकडून बोला."

म्हातारीनं हातातला घास खाली ठेवला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "काय केलं रे तू या मानसाले?"

तो उठला, उजवीकडे आला. "मी मारलं मामाले. चुकलं माझं." मामांनी त्याच्या रोडग्यावर तूप ओतलं आणि दुसऱ्या दिवशी तडजोडीवर सही केली.

कान गेला तो गेलाच. मामी जन्मभराच्या सवयीनं अजून त्यांच्या डाव्या हाताला बसून दिवसभराचं सांगत असतात. ते पाहून मला फार वाईट वाटतं. जगाला मध्येच थांबवणारे मामा त्यांना मात्र थांबवत नाहीत. सगळं बोलून होऊ देतात आणि मग हळूच म्हणतात, "आता इकडून सांग."