वाइंडिंगताईचं कासव

तुम्हाला कधी दिव्यानं गप्प केलंय? मला केलंय. माईक बंद पडला तरी ज्याचा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो, त्या मला! आणि तेही साहेबासमोर.

हे काम वाइंडिंगताईचं. पंख्यांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणं हा तिचा धंदा. दुकान एवढंसं, की एक पाय आत ठेवला तर दुसरा बाहेर. नवं गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री कुठायत?" ती मान वर न करता म्हणते, "जेवायला गेलेत. तोवर मी दुरुस्त करून ठेवते." शाळा आठवीत सुटली, बाकी सगळं बिघडलेल्या वस्तू उघडून शिकली. मीही असाच शिकलेला, म्हणून आमचं जमतं. म्हणजे रोज भांडण होतं.

तिच्या दुकानामागे आमची वाचनाची खोली. एक लांब टेबल, दोन कपाटं आणि घरात वाचायला कोपरा नसलेली वीस-पंचवीस माणसं. ही खोली आम्ही भांडून मिळवली, पण आत कायम बाजार भरलेला. वरच्या मजल्यावरून पालिकेत तक्रार गेली आणि नोटीस आली: पंधरा दिवसांनी पाहणी, गोंगाट आढळला तर खोलीला कुलूप.

मी 'शांतता राखा' अशी पाटी लावली. ती कुठल्या भिंतीला लावायची यावर अर्धा तास आरडाओरडा झाला.

ताई म्हणाली, "दादा, दटावलं की माणूस उलट बोलतो. पण समोर कासव भ्यालं, तर तोच आपसूक गप्प होतो. बागेतल्या तळ्याकाठी बघ कधीतरी."

आठवड्याभरात तिनं जुन्या टेबललॅम्पची मान, कढईचं झाकण आणि मोडक्या खेळण्यातली मोटार जोडून टेबलावर कासव बसवलं. पोटात आवाज टिपणारा सेन्सर, मटारच्या दाण्याएवढा. आवाज चढला की मान झाकणाखाली, उजेड गुल; खोलीत दुसरा दिवा तिनं ठेवलाच नाही. शांत झालं की मान बाहेर.

पहिल्याच दिवशी फजिती. लोकांना खेळणंच मिळालं! टाळी वाजवली, आत. थांबले, बाहेर. पुन्हा टाळी. मी भडकलो. "ताई, वाचनाची खोली आहे की सर्कस?"

ती दुकान बंद करून तळ्याकाठी जाऊन बसली. परत आली ती हसतच. "चुकलंच माझं. पंख्यांची सवय रे. बटण दाबलं की चालू, दाबलं की बंद. कासवाला कुठलं बटण? आत जातं झटक्यात, पण बाहेर येताना आधी नाक, मग डोळे, मग थांबणार. खुट्ट झालं की परत आत."

मग तिनं त्याला बाहेर यायला तीन मिनिटं लावली. टाळ्या त्याच दिवशी बंद. तीन मिनिटं अंधारात बसून शेजाऱ्यांच्या शिव्या कोण खाणार?

पाहणीच्या संध्याकाळी पालिकेचे साहेब फोनवर मोठमोठ्यानं बोलतच आत शिरले. सट्कन मान आत. पंचवीस तोंडांतून एकच "शूऽऽ!" साहेब ओशाळले, आणि ओशाळलेपण झाकायला गुरकावले, "हे काय चाळे? कुलूप लावा या खोलीला!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "लावून तर दाखवा!"

नुकतंच बाहेर आलेलं नाक पुन्हा आत.

ताईनं माझी बाही ओढली. कुजबुजली, "खाली बस दादा. नाहीतर कुलूप तूच लावशील."

बसलो. साहेबही बसले, अंधारात उभं राहून करतात काय? जन्मात इतका वेळ मी गप्प बसलो नव्हतो. नाक आलं. थांबलं. मान आली. साहेब श्वास रोखून बघत होते. उजेड पुस्तकांवर पसरला तेव्हा त्यांनी अगदी हळू विचारलं, "मिस्त्री कुठायत?"

"जेवायला गेलेत," ताई पुटपुटली. अख्खं टेबल तोंडावर हात दाबून हसलं.

'गोंगाट आढळला नाही' असं लिहून साहेब गेले. आढळला तो माझा आणि साहेबांचाच होता. त्याची नोंद त्यांनी मोठ्या मनानं टाळली.

आता पलीकडच्या वस्तीतल्या खोलीलाही असंच कासव हवंय. तेव्हा घरात जुना टेबललॅम्प पडला असेल तर भंगारात घालू नका, ताईच्या दुकानात आणून द्या. फक्त दारात उभं राहून मिस्त्री कुठायत, हे विचारू नका.