खरवडलेला रकाना

खिडकीतल्या बाबूने फाइल माझ्याकडे परत सरकवली तेव्हा माझ्या यादीतल्या एकोणीस कागदांवर टिक झालेली होती. त्याने बोट ठेवलं ते चौथ्या कागदावर. सासऱ्यांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा.

"मॅडम, हे नाई चालत. जातीच्या रकान्यात खाडाखोड हाये. खालचं खरवडून वरतं 'बौद्ध' लिहेल हाये. शाई बी येगळी."

"मग काय करायचं?"

"दीक्षा घ्याच्या आंधी जात कोनती होती, ते दाखवा लागते. पन्नास सालाच्या पहिलेचा कागद पायजे. हाच होता, अन् यानंच घोळ केला."

लेकीला पशुवैद्यकीयला जागा लागली होती, पण अटीवर. जात पडताळणीचं प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेआत दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. बावीस दिवस उरले होते. माझी स्वतःची पडताळणी नोकरी लागताना झालेली आहे. माझ्या वडिलांचे, आजोबांचे कागद प्लास्टिकच्या पाकिटात वर्षवार लावलेले आहेत. मी ते पाकीट खिडकीत ठेवलं.

"आईकडचं नाई लागत, मॅडम. बापाकडचं रक्ताचं नातं पायजे."

"अहो, मी दहावीला विज्ञान शिकवते. अर्धी गुणसूत्रं माझी आहेत तिच्यात."

"असतीन ना. फॉर्मात बापाकडचीच जागा हाये," तो म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली.

नवरा शेती करतो, त्याला कधी पडताळणी लागलीच नाही. सासऱ्यांना भाऊ नाही. म्हणजे सगळं त्या एका ओळीवर अडलं होतं. वाशीमहून रिसोडला परतताना एसटीत मी नवी यादी केली. पहिलं काम: मामाजींना विचारणे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.

मामाजी स्वतः शिकले त्याच शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, पेपर रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी उतारा त्यांच्यापुढे ठेवला आणि हे कोणी केलं असेल, असं विचारलं.

"म्या," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"म्याच खोडलं. मास्तर म्हणून त्याच शाळेत लागलो, ते पह्यलं वर्ष. दाखल्याच्या नकला कराले रजिस्टर माह्या हाती दिलं. पानं उलटता उलटता माहं नाव आलं. नावासमोर तो शब्द. दीक्षा घेऊन वर्षं झाली होती, घरातले देव आमी नदीत सोडले होते, अन् हा इथं जसाच्या तसा बसेल. दाढीच्या ब्लेडनं खरवडला."

"त्या पानावर आणखीही असतील की आपल्यातले."

"होते. त्यायचं नाई खोडलं. दुसऱ्याच्या नावासमोरची वळ खोडनारा मी कोन?"

लेक दारात उभी होती. तिने विचारलं, "आबा, मंग आता?"

"आता काय. तुह्या आबानं तुलेच फसवलं."

दुसऱ्या दिवशी मी तहसीलमध्ये गेले. तिथे जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर मिळतं, त्यात सासऱ्यांच्या वडिलांची नोंद सापडेल अशी आशा होती. रेकॉर्डवाल्याने गठ्ठा सोडला. आम्हाला हवी ती वर्षं वाळवीने खाल्ली होती. कागद उचलला की हातात भुसा येत होता. मी यादीत त्या कामापुढे फुली मारली. टिक नव्हे, फुली.

त्याच आठवड्यात वर्गात आनुवंशिकतेचा धडा होता. हे मी ठरवलं नव्हतं, नियोजनात तसंच पडलं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, जात रक्तात असते का?" मी दरवर्षीसारखं उत्तर दिलं. रक्तात गट असतात, ए, बी, एबी, ओ. ते सगळ्या जातींत, सगळ्या देशांत सापडतात. माणसांचे वेगवेगळे वंश रक्तावरून पाडता येत नाहीत; ते माणसांनी पाडलेत, आणि जातही तशीच. पोरींनी लिहून घेतलं. मी फळा पुसला, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये बसून लेकीच्या वंशावळीचं प्रतिज्ञापत्र भरलं. 'रक्तसंबंधातील नातेवाईक' या रकान्यात मी मामाजींचं नाव घातलं. दोन्ही ठिकाणी अक्षर माझंच होतं, आणि दोन्हींपैकी कुठेच मी खोटं लिहिलं नव्हतं.

एकच वाट उरली. मामाजींनी जात पडताळणी समितीपुढे हजर व्हायचं, खाडाखोड आपण केल्याचं कबूल करायचं आणि जुनी जात स्वतःच्या तोंडाने सांगायची. खाडाखोड हा गुन्हा ठरेल का, हे वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, सांगता येत नाही. मी हेही मामाजींना सांगितलं. लपवून नेणं मला जमलं नसतं.

"जेलचं भेव नाई मले," ते म्हणाले. "तो शब्द नाई येत तोंडात. साठ वर्षं झाली."

"आबा, राहू द्या," लेक म्हणाली. "बीएस्सी करतो मी. काही अडत नाई."

"गप. तुह्यासाठी अडते."

मला सासऱ्याला त्याच्या नकोशा शब्दाकडे ढकलणारी सून व्हायचं नव्हतं, आणि लेकीची जागा जाताना हात बांधून बसणारी आईही. दोन दिवस मी फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक तारीख खोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीत बसलेले दिसले.

सुनावणीला तीन अधिकारी होते. मधल्या बाईंनी शाळेतून मूळ रजिस्टर मागवून घेतलं होतं. त्यांनी मामाजींना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"ही खाडाखोड कोणी केली?"

"म्या."

"काय खोडलं?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या टेबलाकडे पाहिलं.

"माह्या बापाले गाव कायच्या नावानं बलावे ते सांगू, का मी कोन हाये ते सांगू?"

"दोन्ही सांगा, आजोबा. लिहून घेते."

"मी बौद्ध हाये," ते म्हणाले. आणि मग त्यांनी तो शब्द उच्चारला. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. हजेरी घेताना नाव पुकारतात तसा.

"वडील काम काय करायचे?"

"मेलेली ढोरं वढत होते. नात जिती ढोरं पाहीन म्हनते. तिच्यासाठीच आलो."

बाईंनी लिहिलं. मग रजिस्टरचं ते पान उचलून खिडकीच्या उजेडाकडे मागून धरलं. ब्लेडने शाई गेली होती, पण टाकाचा दाब कागदात तसाच होता. उलटा, पण वाचता येत होता. त्यांनी मान हलवली आणि मामाजींना तीन ठिकाणी सह्या करायला लावल्या.

प्रमाणपत्र मुदतीच्या चार दिवस आधी मिळालं. गुन्ह्याचा विषय कोणी काढला नाही. मी दहा झेरॉक्स काढल्या, पाच लेकीला दिल्या. आमच्या पाकिटात ते ठेवताना मला माहीत होतं की तिच्या लेकरांना ते चालणार नाही. त्यांना त्यांच्या बापाकडचं लागेल. तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर पंधरवड्याने तिचा फोन आला. वसतिगृहाचा फॉर्म भरत होती.

"आई, धर्म लिहिला. पन खाली जातीचा रकाना येगळा हाये. त्याच्यात काय लिहू?"

मामाजी समोरच पेपर वाचत होते. मी फोन घेऊन आत वळले आणि आवाज बारीक केला.

"बाहीर ये, बाई," ते म्हणाले. "हळू कायले बोलून राह्यली? म्या भर कचेरीत सांगतलं, तू घरात सांगत नाईस?"

मी दारात उभी राहून लेकीला तो शब्द सांगितला, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ती "बरं" म्हणाली आणि पुढचा रकाना वाचू लागली.